शुड हॅव कम

"यू शुड हॅव कम," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळवाल्याने वहीत पाहिलं, मग खिडकीबाहेर. "आय कुड नॉट कम. शॉप वॉज ओपन."

"यू कुड हॅव क्लोज्ड द शॉप."

शेजारून जाणाऱ्या, शिकवणाऱ्या बाई थांबल्या. वाक्यं व्याकरणाला धरून होती. पण फळ्यावरचा सराव चुकलेल्या बसचा आणि विसरलेल्या छत्रीचा होता. त्यात दुकान कुठेच नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सहा ते सात हा मोठ्यांचा इंग्रजीचा वर्ग भरे. नावनोंदणी खाली कारकुनाकडे होई. वर आलं की प्रत्येकाला कामावरून हाक. बेकरीवाला, बसचा ड्रायव्हर, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. सिस्टर तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या. परदेशातल्या नातीला आपली भाषा येत नाही, म्हणून त्या शिकायला आल्या होत्या.

घड्याळवाला पंधरा दिवस उशिरा आला. कशासाठी शिकायचंय, असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "उशीर झालाय, तरी बघतो." सिस्टरांच्या शेजारची तेवढी खुर्ची रिकामी होती. सिस्टरांनी त्याच्याकडे न पाहता आपली पिशवी खाली ठेवली आणि तो बसला.

दोघं दोन आठवडे मुक्याने बसले. मग 'यूज्ड टू'चा धडा आला आणि सगळा वर्गच जुन्या दिवसांत शिरला. बेकरीवाल्याचे वडील त्याला पहाटे उठवायचे, पिठाचा हात तसाच गालावर ठेवायचे. बहिणी एका पांघरुणात झोपायच्या आणि त्यावरून भांडायच्या. "इंग्रजी मोडकं आलं तरी चालेल, पण असंच बोला," असं म्हणत बाई खुर्चीत टेकल्या. त्यांनाही आपली आई आठवत होती.

तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "यू यूज्ड टू व्हिसल."

घड्याळवाला पेन्सिलीशी खेळत राहिला. "यू यूज्ड टू लाफ," तो म्हणाला.

"ओळख जुनी दिसते," ड्रायव्हर कुजबुजला.

त्यानंतर दोघं बोलायला लागले. थोडंच, अडखळत, पण तास संपेपर्यंत. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, हे त्यांच्या पथ्यावर पडत असावं. वर्ग सुटला की सिस्टर लगबगीने उतरत, आणि घड्याळवाला कोणी न सांगता फळा पुसत रेंगाळे.

एकदा 'माइट' शिकताना तो म्हणाला, "आय मस्ट गो होम. माय वाइफ माइट बी वेटिंग."

"शी माइट नॉट," सिस्टर म्हणाल्या.

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. दोनच दिवसांत ही गोष्ट खाली वाचनालयात पोचली. कारकून बाईंना म्हणाला, "वर्ग चालवा. जोड्या जुळवू नका. उद्या कोणी तक्रार केली तर खोली काढून घेतील."

बाईंनी सिस्टरांना जिन्यात गाठलं. "राग मानू नका. घरी यजमान आहेत ना?"

"आहेत."

"त्यांना हे कळलं तर?"

"आमच्या घरी बोलणंच नाही, बाई. मुलीने ह्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून. नऊ वर्षं झाली. मी ताट वाढते, ते जेवतात, उठतात." सिस्टरांनी कठड्यावर हात ठेवला. "आपल्या भाषेत इतकं साचलंय की तोंड उघडायची भीती वाटते. इंग्रजीत मला शब्दच थोडे येतात. बरं पडतं."

तरी पुढच्या तासाला बाईंनी मन घट्ट करून जागा बदलल्या. घड्याळवाल्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं. तो वही उचलून गेला. ड्रायव्हरने त्याला विचारलं, "व्हॉट कॅन यू डू?" त्याने मान हलवली. त्या तासात सिस्टरांनी एकही वाक्य म्हटलं नाही.

पुढच्या तासाला दोघंही आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

"पळून-बिळून गेले की काय?" ड्रायव्हर म्हणाला. कोणी हसलं नाही. बाईंनी सराव घेतला, पण फळ्यावर 'शुड हॅव' लिहिताना त्यांचा हात अडला. आपण नको त्यात पडलो, असं त्यांना वाटत राहिलं. नऊ वर्षांनी एक बाई चार वाक्यं बोलायला लागली होती, आणि तिची ती जागाही आपण काढून घेतली.

परीक्षेच्या अर्जावर सिस्टरांची सही राहिली होती. शनिवार शेवटचा दिवस. बाईंनी कारकुनाकडून पत्ता घेतला आणि सकाळीच निघाल्या. यजमान दारात आले तर काय सांगायचं, ते वाटेत जुळवत गेल्या. तुमच्या मिसेस हुशार आहेत. वर्गात सगळ्याच मोठ्या वयाच्या बायका आहेत. शेवटचं वाक्य खोटं होतं, पण त्यांनी ते तीनदा घोकलं.

दुसरा मजला, डावीकडचं दार. बाईंनी घंटा दाबली.

दार घड्याळवाल्याने उघडलं. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला दाढीचा साबण.

बाई घोकलेली वाक्यं विसरल्या. "तुम्ही इथे?" त्या म्हणाल्या.

"या ना, बाई." तो संकोचून बाजूला झाला.

आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. तो तिकडे वळला. तोंड उघडलं, मिटलं. वर्गात वाक्य जुळत नसलं की तो असाच थांबायचा, आणि बाईही सवयीने थांबल्या. त्याने टॉवेलने ओठ पुसले, घसा साफ केला.

"अगं," तो म्हणाला, "ऐकलंस का? बाई आल्यात."