पान्यावरची पुसट छाप

"हा कुत्राच आहे," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पाना सोनाजीच्या हातात परत दिला. "आमच्या कापसाच्या जिनिंगचे सगळे पाने कुत्रा छाप होते. विलायतेतली एकच कंपनी. स्टोअर माझ्याच ताब्यात होतं, मला नको शिकवूस."

"पण आप्पासाहेब, कुत्र्याला पाय नकोत का? इथं नुसतं वेटोळं हाय."

"पाय झिजले असतील. वेटोळं म्हणजे शेपूट."

सोनाजीनं पाना उजेडाकडं धरला. कंपनीचं नाव केव्हाच झिजून गेलं होतं आणि छापेतलं जेमतेम हे वेटोळं उरलं होतं. त्याला कुत्रा म्हणा नाहीतर हत्ती म्हणा, अडवणार कोण?

निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली आणि जिनिंगचा इंग्रज साहेब गाशा गुंडाळून गेला. त्यानंतर तीनेक वर्षांनी स्टोअरमधला एक पाना गेला. सोनाजीचा बाप मुंजाबा तिथं फिटर होता. घोंगडीखाली पाना घेऊन तो फाटकाबाहेर पडताना कुणीतरी पाहिलं, आप्पासाहेबांनी त्याला चोर ठरवलं आणि नोकरी गेली. सोनाजी तेव्हा दुसरीत होता. मायनं हा पाना त्याच्या हातात देऊन सांगितलं होतं, हा जिनिंगचा नव्हे, साहेबानं जाताना तुझ्या बापाला बक्षीस दिलेला. मुंजाबा मात्र मरेपर्यंत त्यावर चकार शब्द बोलला नाही. मानी माणूस होता, असं सोनाजी सगळ्यांना सांगायचा.

आता सोनाजी स्वतः फिटर होता. बावीस वर्षं उलटली, तरी वर्कशॉपात साधा हातोडा हरवला की चार नजरा आधी त्याच्याकडं वळायच्या. हे बोलायचं तरी कुणाला? आप्पासाहेबांनी एवढंच कबूल केलं होतं, "पाना दुसऱ्या कंपनीचा आहे हे दाखव. मी तुझ्या आईपुढं येऊन हात जोडीन."

दाखव म्हणणं सोपं. सोनाजीनं पाना रॉकेलमध्ये बुडवून घासला. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, छाप उतरवून घेतली आणि तो कागद खिशात घालून सगळं औरंगाबाद पालथं घातलं. लोको शेडमधला एक म्हातारा फोरमन म्हणाला, साप आहे. शहागंजातला हार्डवेअरवाला म्हणाला, जिलबी आहे, आणि स्वतःच्याच विनोदावर खोखो हसला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला छाप पाठवली, तर तीन महिन्यांनी पाकिटातून नव्या पान्यांची जाहिरात आली. सोनाजीला तो पाना भिंतीवर फेकून मारावासा वाटला.

त्यात मायची वेगळीच तऱ्हा. "ठेव रं तो पाना. मेलेल्या माणसाला काय त्याचं?"

"तुझ्यासाठीच मरमर करतोय ना मी!" एकदा तो तिच्यावर ओरडला आणि मग दिवसभर त्याला जेवण गोड लागलं नाही.

शेवटी काम झालं ते ध्यानीमनी नसताना. छावणीत बन्सी मेकॅनिककडं तो एका लॉरीचं इंजिन बघायला गेला होता. बन्सीनं तेलकट फडक्यातून एक पाना काढला. घडण तीच, पण छाप कोरी करकरीत. वर शिंगं काढून चाललेली गोगलगाय आणि भोवती कंपनीचं नाव.

"गोगलगाय छाप," बन्सी म्हणाला. "हीबी विलायतीच. पण कुत्रावाल्यांची कंपनी निराळी, हिची निराळी."

सोनाजीनं खिशातला कागद त्या छापेवर धरला. वेटोळ्याला वेटोळं रेषेन् रेष जुळलं.

आप्पासाहेबांनी दोन्ही पाने भिंगाखाली कितीतरी वेळ फिरवले. मग भिंग खाली ठेवलं.

"आमच्या स्टोअरात गोगलगाय कधी आलीच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "निर्दोष माणसाला मी चोर म्हणालो. सकाळी येतो. तुझ्या आईचे, म्हाळसाबाईंचे, पाय धरायला लागले तरी धरतो."

सोनाजी सायकल हाणत घरी आला. माय तुरीची डाळ निवडत बसली होती. त्यानं एका दमात सगळं सांगितलं आणि सांगता सांगता एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडला.

मायनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यास्नी येऊ नका म्हणावं."

"का? माय, आता तर समदं शाबीत झालं की!"

"ह्यो तो पाना नव्हंच, बाळा. पोरं तुला चोराचा म्हणायची, तू शाळंत जाईनास, म्हणून म्या ह्यो बाजारातून आणला. तुझ्या बापानं आणलेला म्या हिरीत टाकला. त्याच्यावर कुत्राच व्हता."