दसऱ्याची नवी आवृत्ती

"ह्या वर्षी आवृत्ती पाच!" लॅपटॉपला झेंडू वाहून फडणीस साहेबांनी नारळ फोडला. समोर त्यांचं ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला पावत्यांचा छोटा प्रोग्राम, वापरणाऱ्या दुकानाच्या मालकीणबाई बसल्या होत्या. "पावत्या गायब होण्याचा दोष गेलाच समजा. ज्यांनी तो करून ठेवला, त्या वासंतीबाईंनाही उद्यापासून घरी बसवतोय."

मालकीणबाईंच्या मागे उभ्या असलेल्या प्रोग्रामर वासंतीबाई गालातल्या गालात हसल्या. साहेब दर दसऱ्याला स्क्रीनच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा हाताने वाढवायचे, आत मात्र काडी हलायची नाही. पावत्यांच्या दोषावर बाईंनी केलेली दुरुस्ती साहेबांनी न लावल्यामुळे तशीच पडून होती. म्हणून काल त्यांनी साहेबांचा आकडा पुसून एकच ओळ लिहिली होती: एक्स्टेन्शनने उघडताना आपली खरी आवृत्ती स्वतःच वाचावी आणि तीच दाखवावी.

मालकीणबाईंनी चष्मा चढवला. कोपऱ्यात होतं, "आवृत्ती एक."

"नेटचा घोळ असेल," साहेब पुटपुटले.

"अहो, दर दसऱ्याला बारसं करता आणि पोर तेच?" मालकीणबाई मागे वळल्या. "वासंतीबाई, दुरुस्ती कधी मिळेल?"

"तयार आहे मॅडम, साहेबांनाच मुहूर्त सापडत नव्हता." वासंतीबाईंनी पेढ्यांचं ताट साहेबांपुढे धरलं. "घ्या साहेब, पाचव्या बारशाचा पेढा."