सुई तशीच राहू दे

"काय म्हणतायत गं माझ्या गोधडीला?" आत्यानं शिवता शिवता विचारलं.

तिला दिसू नये म्हणून मी मोबाईल वळवून धरला. गोधड्यांवर मी इंग्रजीत ब्लॉग लिहिते. टाक्यांबद्दल, रंगांबद्दल लिहिलं की परदेशातले पाचसहा जण वाचायचे. परवा आत्या चहाला उठली, ती सुई गोधडीतच टोचून. मी त्याचा फोटो टाकला आणि खाली ठोकून दिलं, की शिवता शिवताच माझी आत्या वारली. दोन दिवसांत नऊशे माणसं हळहळली. नॉर्वेतल्या एका बाईनं तर आत्यासाठी मेणबत्ती लावली.

"छान म्हणतायत," मी म्हणाले. शी! जिवंत बाईला मारून वाहवा लुटत होते मी. माझी मलाच शिसारी आली. सगळं पुसून टाकायला बोट उचललं, तेवढ्यात नॉर्वेच्या त्याच बाईनं विचारलं : ही गोधडी मला द्याल? पण पुरी करू नका.

मी 'हो' लिहिलं.

"आत्या, थांब आता."

"अगं, एवढी एकच ओळ राहिलीय."

"राहू दे. सुईपण तशीच टोचून ठेव."

आत्यानं चष्म्यावरून वर पाहिलं. "अगं, पांघरेल त्याला टोचेल की!"