बुखारेस्टची गाडी

"तू फक्त हो म्हण, मेतोदी. आजच काढून टाकतो हा नियम," क्रासिमिर म्हणाला आणि त्याने सभेच्या टेबलाभोवती बसलेल्यांकडे पाहिलं.

सगळे ओव्हरकोट घालून बसले होते. गेल्या हिवाळ्यापासून विद्यापीठाने बॉयलर मंद ठेवला होता. प्रत्येकापुढे कागदी पेल्यात उकडलेले गहू होते, वर साखर आणि अक्रोडाची पूड. मेतोदीची बायको नेवेना जाऊन चाळीस दिवस झाले होते. रिवाजाप्रमाणे त्याने ते गहू वाटले होते, आणि पेला हातात घेताना प्रत्येक जण म्हणाला होता, "देव तिला क्षमा करो."

नियम मेतोदीचाच होता. विद्यापीठाचा कार्बन कमी करायचं ठरलं तेव्हा काम त्याच्याकडे आलं. छतावर सौरपट्ट्या बसल्या. कॉरिडॉरमधले दिवे आपोआप विझायला लागले. त्यावर कुणी तक्रार केली नाही. मग त्याने दाखवून दिलं की बॉयलरच्या खालोखाल सगळ्यात जास्त कार्बन प्राध्यापकांच्या विमानप्रवासाचा आहे. जिथे आगगाडीने दिवसभरात पोचता येतं तिथे विमानाने जायचं नाही, असा नियम झाला. सोफियाहून बुखारेस्टलासुद्धा नाही. तेव्हापासून क्रासिमिर त्याला स्टेशनमास्तर म्हणायचा. "चालत्या गाडीतून उतरावं, शेतातले टोमॅटो तोडावेत, खावेत, आणि त्याच डब्यात परत चढावं," असंही म्हणायचा. पण वर्षभरात विमानप्रवास निम्म्यावर आला. दुसरी विद्यापीठं तो नियम आपल्याकडे लावायला निघाली.

आज क्रासिमिर चेष्टा करत नव्हता.

"आपण सगळे गप्प बसलो," तो म्हणाला. "हा बुखारेस्टला कामासाठी गेलेला, आणि इथे इस्पितळात बायको अखेरच्या घटका मोजतेय. विमानाने तासाभराची वाट. आणि हा बसला त्या रडक्या गाडीत! दिवस मावळताना नेवेना गेली, तेव्हा ह्याची गाडी डोंगरात कुठेतरी धापा टाकत होती. काय चाटायचाय असला नियम?"

"मी सकाळीच फोन केला होता त्याला," डीन दोना म्हणाली. "म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, मी तिकीट काढते, तू विमानात बस. तर मला म्हणतो, नियम माझा आहे, मीच कसा मोडू?" तिने रुमालाने नाक पुसलं. "असा माणूस."

असा माणूस. मेतोदी हे चाळीस दिवस ऐकत होता. फक्त नेवेनाची बहीण स्तोयांका तसं म्हणाली नव्हती.

गेल्या शनिवारी चर्चमध्ये नेवेनासाठी प्रार्थना झाल्यावर ती दोघं मेणबत्त्या लावायला गेली. स्तोयांकाने आधी वरच्या थाळीत नातवंडांच्या नावाने एक लावली. वरची थाळी जिवंत माणसांची. मग ती वाकली आणि खालच्या वाळूत बहिणीसाठी दुसरी खोचली. वाळू गेलेल्यांची.

"शेवटपर्यंत शुद्धीवर होती," ती पाठमोरीच म्हणाली. "सारखी विचारायची, गाडी कुठवर आली? मी म्हणायचे, आली, आली. दाराकडे बघून बघून मान दुखली तिची." मग ती बाजूला झाली. "लावा ना तुम्ही, भावजी."

मेतोदीचा हात वाळूकडे जाईना. त्याने मेणबत्ती तिच्या हातात दिली. "तूच लाव," तो म्हणाला. तिला वाटलं, तो रडतोय. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच.

"मेतोदी?" टेबलापलीकडून दोनाने हाक मारली. "बोल बाबा. तू म्हणशील तसं."

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. एकदा नियम रद्द झाला की दोष नियमाचा, हे कायमचं ठरणार होतं. विद्यापीठ स्वतः होऊन ते ओझं उचलायला तयार होतं. पुढे कुणी काही विचारलं नसतं. कदाचित त्याने स्वतःलाही विचारलं नसतं.

"राहू दे नियम," तो म्हणाला.

क्रासिमिर उठून उभा राहिला. "अरे, डोकं फिरलं का तुझं? बायको गेली रे, तुला न भेटता गेली! ह्या नियमापायी!"

"नियमापायी नाही."

"मग कशापायी?"

दारातल्या काचेपलीकडे कॉरिडॉरचा दिवा आपोआप विझला.

मेतोदीच्या डोळ्यांपुढे रुसे होतं, बुखारेस्टहून येताना नदीपलीकडचं, बल्गेरियातलं पहिलं स्टेशन. गाडी डॅन्यूबच्या पुलाआधी अडकून पडली, तेव्हा डबाभर लोक रेल्वेला शिव्या देत होते. तो एकटाच मनात म्हणत होता, उभी राहू दे, अजून थोडी उभी राहू दे. रुसेला गाडी बदलायची होती. दुपार होती, लख्ख ऊन होतं. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून तो स्टेशनबाहेरच्या चर्चमध्ये गेला आणि त्याने नेवेनाच्या नावाने एक मेणबत्ती घेतली. त्या वेळी सोफियात नेवेना बहिणीला विचारत होती, गाडी कुठवर आली.

वरच्या थाळीत भरपूर जागा होती. मेतोदी वाकला आणि त्याने मेणबत्ती खाली वाळूत खोचली.