चौथी खिडकी

ग्दान्स्कच्या ओगार्ना गल्लीत लुत्सिनाबाईंच्या घराला आतून तीन खिडक्या होत्या आणि रस्त्यावरून चार दिसत. युद्धानंतर जुन्या चित्रांवरून घरांचे दर्शनी भाग पुन्हा उभारले, आतल्या भिंती मात्र सोयीप्रमाणे घातल्या. चौथ्या काचेमागे नुसती वीट होती. गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं.

ईस्टरआधी घरोघर काचा पुसतात. लुत्सिनाबाई आपल्या तीन पुसत, आणि चौथीही लख्ख दिसे. पावसाने धुतली असेल, असं त्या मनाला समजावत.

यंदा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. काचांवर हिवाळ्याची काजळी तशीच राहिली. त्यातच मुलगा बोगुस्वाव पोझ्नानहून यायचा होता. "घर एकटीला झेपत नसलं तर मी तुला घेऊन जाणार," असं त्याने बजावलं होतं.

शनिवारी घराला कुलूप घालून त्या अंड्यांची टोपली चर्चमध्ये आशीर्वादाला घेऊन गेल्या. परतताना शेजारीण वान्दा दारात उभी होती.

"एका हाताने चारही काचा? आम्हाला लाजवायचं ठरवलंयस का गं?"

लुत्सिनाबाईंनी वर पाहिलं. चारही काचा चमकत होत्या. त्यांनी खिशातली किल्ली चाचपली.

तेवढ्यात बोगुस्वाव बॅग घेऊन आला. वर बघताच त्याचा चेहरा निवळला.

"मग राहा तू इथेच, आई. मदतीला बाई ठेवलीस, ते सांगायचं नाही का?"

"कुठली बाई?"

"ती काय, शेवटच्या खिडकीत."

त्याने हसून हात हलवला. मग, वरून उत्तर मिळावं तशी, अदबीने मान लववली.