मरायची पाळी

युद्धसंग्रहालयाच्या लुटुपुटूच्या लढाईत अकरा वर्षं मी शत्रू होऊन शेजारच्या शिंप्याच्या लाकडी बंदुकीनं इमानेइतबारे मेलो. शेवटी त्यानंच शब्द दिला, “यंदा शत्रू मी, मरणारही मीच.” आजोबांना एकदा तरी जिंकताना पाहायला नात पहिल्या रांगेत बसली. आपल्या सैन्याचा कोट घालून मी चाल केली, नेम धरला, तोंडानं ‘ठो’ केलं. शिंपी उभाच. “अरे, लागली तुला. पड की.” तो ओठ न हलवता पुटपुटला, “सूनबाई व्हिडिओ काढतेय, मरू कसा?” पुन्हा ‘ठो’ केलं. त्यानं छातीवरची धूळ झटकली आणि माझ्यावर नेम धरला. त्याची गोळी मात्र मला लागली. इतक्या वर्षांची सवय. पडल्या पडल्या डोळे किलकिले करून पाहिलं. इतिहासात प्रथमच शत्रू जिंकला होता, आणि माझी नात उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती.