घुमटाखालची हाक

इस्फहानच्या जुन्या मशिदीच्या निळ्या घुमटाचा फोटो सुप्रभाने फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. त्या घुमटाच्या बरोबर खाली, काळ्या फरशीवर उभं राहून हाक मारली की ती पुन्हा पुन्हा परत येते, असं तिने वाचलं होतं. "अहो, एकदा जाऊ या ना," ती म्हणायची. "रिटायर झालो की नक्की," डॉक्टर मोहन म्हणायचे. ते रिटायर व्हायच्या आधी तीच गेली.

शेवटी ते एकटेच इस्फहानला गेले. फरशीवर उभं राहून त्यांनी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं. एवढंच म्हणाले, "आलो."

हॅरोच्या घरी परतल्यावर त्यांनी ते ऐकलं. आलो, आलो, आलो... आवाज विरत गेला. आणि अगदी शेवटी, हळूच, "आले."

त्यांनी ते मुलीला ऐकवलं. वरदा इथे परदेशातच जन्मलेली, इथेच वाढलेली. चाळिशी आली तरी स्वतःबद्दल "मी आलो"च म्हणायची, आणि सुप्रभा हातातलं काम न थांबवता दर वेळी सुधारायची, "आले."

"सगळं सेमच आहे ना, बाबा?" वरदा म्हणाली.

या वयात वेड लागायला नको, म्हणून डॉक्टरांनी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मग दिवसभर हळहळत बसले.

शनिवारी दुपारी ते वरच्या खोलीत असताना खाली दार उघडलं. "बाबा, मी आलो!"

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. भांडी विसळता विसळता कुणीतरी म्हणालं, "आले."

"सॉरी आई, आले," वरदा सवयीने म्हणून गेली.